तो बॉल आउट होता, ओदेत

ओदेत, तुझ्या बहिणीचं पत्र मंगळवारी आलं. पाकीट जाड होतं, म्हणून मला वाटलं तू नेहमीसारखे फोटो पाठवलेस. कॉलेजच्या ग्राउंडवरच, शिट्टी गळ्यात असताना, मी ते फाडलं. पोरी खो-खो खेळत होत्या. पहिल्याच ओळीत तू गेल्याचं लिहिलं होतं. मी जोरात शिट्टी वाजवली. काहून वाजवली, मला माहीत नाही. सगळ्या पोरी होत्या तिथे थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

बावीस वर्षं मी तुला इंग्रजीत पत्रं लिहिली. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी लिहायची आणि तिकडे डिक्शनरी मांडीवर घेऊन तू वाचायचीस, दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं. आज मराठीत लिहिते आहे. तू जिथे गेलीस तिथे भाषेची अडचण नसावी असं मी धरून चालते. आणि असली तरी काय? कोर्ट सारवणारी आपली सखूमावशी तुझ्याशी वऱ्हाडीत बोलायची, तू तिला फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचीस, तेव्हा कुठे काही अडलं होतं? खरी गोष्ट अशी की मला तुला एक गोष्ट सांगायची होती आणि ती इंग्रजीत कधी जमली नाही. शब्द येत होते गं. चारच शब्द लागत होते. हिंमत येत नव्हती.

तर आता ऐक. तो बॉल आउट होता, ओदेत. मला त्याच दिवशी संध्याकाळी मालूम झालं होतं.

त्या डिसेंबरात तू कलकत्त्याहून आलीस. हिवाळ्यात परदेशी टेनिस खेळाडू आपल्याकडे फिरायचे, मोठ्या शहरांत खेळायचे आणि मधे चार दिवस नागपूरसारख्या गावातही हजेरी लावायचे. तेव्हा सगळे हौशी. भाडं मिळायचं आणि कोणाच्या तरी बंगल्यात राहायला खोली. तुला क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या घरी उतरवलं होतं. तुझी गाडी सहा तास उशिरा आली, पण तू बंगल्यावर न जाता बॅगेसकट तडक क्लबमध्ये आलीस. तुला आधी कोर्ट बघायचं होतं.

गवताचं कोर्ट तुला ठाऊक होतं. लाल मातीच्या कोर्टावर तर तू लहानाची मोठी झालीस. पण आमचं कोर्ट! सखूमावशी आणि तिच्या चार बाया गुडघ्यांवर बसून शेणाची बादली पुढे सरकवत सारवून राहिल्या होत्या. तू माझ्या बाबांना विचारलंस, हे काय आहे? बाबा म्हणाले, "काऊ, मॅडम." तुला कळलं नाही. मग बाबांनी, माझ्या त्या गंभीर बाबांनी, स्वतःच्या पाठीमागे हात नेऊन जे काही दाखवलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू इतकी हसलीस की खाली बसलीस. मग बूट काढलेस, मोजे काढलेस आणि अनवाणी चालत सरळ कोर्टाच्या मधोमध गेलीस.

"ओलं हाये वं बाई! पाय उमटून राह्यले तुहे!" सखूमावशी ओरडली.

तू हो म्हणून मान हलवत तिला फ्रेंचमध्ये म्हणालीस, "वी, वी," आणि आणखी चार पावलं टाकलीस. तुझी पावलं पुसायला मावशीला अर्धं कोर्ट पुन्हा सारवावं लागलं. ती तुला शिव्या देत होती आणि तू तिच्या शेजारी उकिडवी बसून हाताने सारवायला शिकत होतीस. पॅरिसला खेळलेली बाई! मी जाळीपाशी उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, हिच्याशी उद्या-परवा माझी गाठ पडणार, आणि हिची तर भीतीच वाटत नाही. ती माझी पहिली चूक.

मी मार्करची पोरगी. मार्कर म्हणजे क्लबातला पगारी माणूस. साहेब लोकांना खेळवायचं, कोर्ट सांभाळायचं, चुन्याच्या लाइनी मारायच्या. सकाळी मेंबर येण्याआधी बाबा मला खेळवायचे. माझी रॅकेट म्हणजे मेंबरांनी टाकून दिलेली, सीताबर्डीवर गट, म्हणजे तारा, बदलून आणलेली. त्या वर्षी लेडीज सिंगल्सला आठ नावं भरत नव्हती, म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी माझं नाव घातलं. एका मेंबरने लगेच कुरबुर केली, की मार्कर धंदेवाईक, मग त्याची मुलगी हौशी कशी? सेक्रेटरीसाहेब म्हणाले, बाप धंदेवाईक, पोरगी नाही. असा माझा निकाल लागला. पहिली मॅच जिंकले आणि सेमीफायनलला समोर तू.

आता मला फुलाबद्दल सांगावं लागेल. तुला त्यातलं किती माहीत होतं हे मला मंगळवारपर्यंत मालूम नव्हतं, म्हणून सगळंच सांगते. आमच्याकडे जमीन सारवली की तिच्यावर रांगोळीची दोन बोटं तरी ओढतात. सारवलेली जमीन नुसती उघडी ठेवतात ती फक्त घरातलं कोणी गेलं तर. सखूमावशीच्या हे अंगात भिनलेलं. कोर्ट सारवून झालं की शेवटी जिथे तिचा हात थांबेल त्या कोपऱ्यात, बेसलाइनच्या बाहेर, ती एक लहानसं फूल काढायची. आणि बाबा ते दर वेळी पुसायला लावायचे. हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून चालू असावं.

"सखू, हे टेनिसचं कोर्ट हाये, तुह्या घरचं आंगण नाही. पुस ते."

"काहून पुसू? मयताचं घर हाये काय हे?"

"साहेबांना लाइन कोणती अन् रांगोळी कोणती, कळन नाही. पुस म्हणतो ना!"

त्या दिवशी सकाळीही हेच झालं. मावशीने तोंड वाकडं करून फुलावरून तळवा फिरवला. बाबांचं समाधान झालं. ते नेट बांधायला गेले.

मॅच तुला आठवते, मी काय सांगू. पहिल्या सेटमध्ये तू माझी सहा-एक अशी उडवलीस की मेंबर लोक चहाला उठले. दुसऱ्या सेटला मी चिडले. चिडले की मी बरी खेळते, हे माझ्या बाबांचं मत. शेणाच्या कोर्टावर बॉल थोडा खाली राहतो. तुला ते कळायला एक सेट लागला, मला ते जन्मापासून ठाऊक. मी प्रत्येक बॉल तुझ्या बॅकहँडला, बुटाशी टाकत गेले. चाराला चार, पाचाला पाच. चहाला गेलेले परत आले. मग सहा-पाच, अॅडव्हांटेज माझा. एक पॉइंट मिळाला की सेट.

मी मारला तो शॉट लांब गेला. तुझ्या बाजूच्या डाव्या कोपऱ्यात पडला आणि पांढरी धूळ उडाली. लाइनवर कामठीचे एक निवृत्त कर्नलसाहेब बसले होते. भला माणूस, पण जाड चष्म्याचा. त्यांनी धूळ पाहिली आणि दोन्ही पंजे जमिनीकडे केले, म्हणजे बॉल आत. सगळ्या क्लबने टाळ्या वाजवल्या. आमच्या क्लबात मार्करच्या पोरीसाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

तू मात्र तुझ्या सवयीने त्या कोपऱ्यात गेलीस. लाल मातीवरचे तुम्ही लोक बॉलची खूण बघितल्याशिवाय राहत नाही. तू वाकलीस. बराच वेळ बघत राहिलीस. सगळ्यांना वाटलं, आता ही भांडणार. मग तू सरळ उभी राहिलीस, माझ्याकडे पाहिलंस, रॅकेटवर तळहात आपटून टाळी दिलीस आणि म्हणालीस, "गुड."

तिसऱ्या सेटमध्ये तू मला पाणी पाजलंस, सहा-शून्य. त्याचं काही नाही. पण त्या सेटच्या पहिल्या गेमला तू अजून त्याच बाजूला होतीस, आणि एक बॉल मी पुन्हा त्याच कोपऱ्यात टाकला, तेव्हा तू पळत जाऊन ऐन वेळी पाय उचललास आणि बॉल सोडून दिलास. कोपऱ्यात काहीतरी होतं ज्यावर तुला पाय द्यायचा नव्हता. मी ते पाहिलं. मी ते पाहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी तू आमच्या खोलीवर जेवायला आलीस. कोर्टामागची ती एक खोली आणि पडवी. सेक्रेटरीबाईंना फारसं रुचलं नाही, पण तू हट्ट धरलास. आईने पातोडीचा रस्सा केला होता, वर लालभडक तर्री. पहिल्या घासाला तुझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तू म्हणतेस, "मोअर." आई खूश. सखूमावशीही पडवीत बसली होती, आणि हसत हसत मला म्हणाली,

"विमे, माह्या फुलानं जिंकवलं तुले."

"कोणत्या फुलानं?"

"तुह्या बापूनं पुसाले लावलं होतं ना, मी नुसता वरवर हात फिरवला. बॉल बराबर त्याच्यावरच पडला! कशी धूळ उडाली! म्या इथून पाह्यली."

"फूल तं लाइनीच्या बाहेर होतं ना वं?"

"बाहेरच. चांगलं चार बोटं." आणि तिने जमिनीवर बोटाने लाइन काढून दाखवली आणि लाइनीच्या बाहेर फूल काढून दाखवलं. पाच पाकळ्या.

"चूप बस," मी म्हटलं. "कोणाले सांगशीन तं माही शपथ हाये तुले."

मावशीला कळेना मी एवढी काहून भडकले. तिला वाटत होतं तिने मला शुभ केलं. आणि तू समोरच बसली होतीस, ओदेत, हातात भाकरी घेऊन. तू त्या जमिनीवरच्या बोटाच्या रेघांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि मग आईला म्हणालीस, "मोअर." मी स्वतःची समजूत घातली की फ्रेंच बाईला वऱ्हाडी काय कळणार.

दोन दिवसांनी पेपरात आलं की नागपूरच्या मुलीने फ्रेंच खेळाडूकडून सेट घेतला. फोटोसकट. बाबांनी पेपर वाचला, घडी केली आणि विचारलं, "तिसऱ्या सेटमधे पाय काहून नाही हलवले?" एवढंच. त्यांना काय माहीत होतं आणि काय नाही, ते त्यांनी सोबत नेलं. पण ते कात्रण घेऊन सेक्रेटरीसाहेब माझ्यासाठी मुलींच्या एका कॉलेजात गेले. त्यांना खेळ शिकवायला बाई हवी होती. पदवी माझ्याकडे नुसती तिसऱ्या वर्गाची. प्राचार्यबाईंनी कात्रण वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सेट घेतलास म्हणे?" मी हो म्हटलं. त्या एका 'हो'वर मी आज बावीस वर्षं उभी आहे. मार्करच्या पोरीची मॅडम झाले. बाबांच्या म्हातारपणी मी त्यांना दोन खोल्यांचं घर देऊ शकले. लग्नाला नाही म्हणू शकले. कात्रण फ्रेममध्ये घालून कॉलेजच्या जिमखान्याच्या भिंतीवर लागलं, आणि दर जूनमध्ये नव्या पोरी विचारतात, मॅडम, सांगा ना तुम्ही सेट कसा घेतला. आणि मी सांगते. चांगलं रंगवून सांगते.

ड्यूस झाला असता, पुन्हा बरोबरी, इतकंच म्हणा. ड्यूसनंतर मी जिंकलेही असते. ही वकिली मी स्वतःशी इतक्यांदा केली आहे की मला ती पाठ आहे.

आपली ओळख चार दिवसांची, आणि पत्रं बावीस वर्षांची. तुझं सगळं खेळाडूपण मी पत्रांतून पाहिलं. ते साल आठवतं, तू पॅरिसला शेवटच्या आठात गेलीस? तुझे वडील पहिल्यांदाच पावाची भट्टी बंद ठेवून तुझी मॅच बघायला आले होते. पाऊस पडून गेला होता, बुटांत लाल चिखल, तिसरा सेट, आणि पंचाने एक पॉइंट तुला दिला. तू गेलीस, खूण पाहिलीस, रॅकेटने पुसलीस आणि पॉइंट समोरच्या बाईला देऊन टाकलास. त्या गेमनंतर तू हरलीस. मला एवढंच दोन ओळींत लिहिलंस आणि पुढे विचारलंस, सखू कशी आहे, यंदा संत्री कशी आहेत.

त्या पत्राने मी इतकी संतापले, विचारू नको. मी उलट टपाली तुला झापलं. काहून दिला पॉइंट? पंचाने दिला होता ना? बाप भट्टी बंद करून आला आणि तू दानधर्म करत बसलीस? तुझं उत्तर आलं, "पंच म्हणतो ते खरं. पण खूण मी पाहिली होती." मी पुन्हा लिहिलं, तू पुन्हा तेच. तीन वर्षं आपण यावर भांडलो. तुला वाटत असेल विमल खेळाचे नियम शिकवते आहे. मी नियम शिकवत नव्हते गं. तू पॅरिसला जे केलंस ते मी नागपूरला केलं नव्हतं, आणि तुझं प्रत्येक पत्र मला तेच वाजवून सांगत होतं. नागपूरच्या बॉलचं मी एकदाच विचारलं होतं, फार आडून, की त्या कर्नलसाहेबांची नजर तशी अधूच होती, नाही का? तू कार्डावर एकच ओळ पाठवलीस, "गुड बॉल. सखूला नमस्कार." त्यानंतर माझी विचारायची छाती झाली नाही.

मग तिकडचे नियम बदलले आणि कमावण्यासाठी उघडपणे खेळायची मुभा झाली. बाकीच्या बाया ज्या वयात रॅकेट ठेवतात त्या वयात तू धंदेवाईक झालीस. तू लिहिलंस, "आता मी तुझ्या बाबांच्या बिरादरीत आले." मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. बाबा पलंगावरून उठून बसले. म्हणाले, "लिही तिले, की खांद्याले मोहरीचं तेल लाव. या बिरादरीत पह्यले खांदा जाते." तुझा खांदाच गेला. तू मोटारीत झोपून गावोगाव खेळलीस, दुखऱ्या खांद्याने सर्व्हिस खालून करायला लागलीस, पोरीबाळी तुला हरवायला लागल्या, आणि तू प्रत्येक हार मला गंमत करून कळवलीस. तुझी शेवटची मॅच सगळ्यात लांबच्या कोर्टावर झाली. बघायला आठ माणसं आणि एक कुत्रा. माणसं अर्ध्यात उठली, कुत्रा शेवटपर्यंत बसला, असं तू लिहिलं होतंस. मी ते पत्र वाचून हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

नंतर तू तुझ्या गावी मुलांना शिकवायला लागलीस, मी इथे पोरींना. दोघी मास्तरणी. तू पाठदुखीची तक्रार करायचीस आणि मी तुला बाबांचं मोहरीचं तेल सांगायची. पाठदुखी नव्हती ती. तो आजारच होता, हे मला आता कळतं आहे, तुझ्या बहिणीच्या पत्रातून.

तुझी बहीण लिहिते: "शेवटच्या दोन महिन्यांत टपाल आलं की ओदेत विचारायची, नागपूरचं आहे का? तुमचं दिवाळीचं कार्ड आलं तेव्हा तिने ते उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाली, अजून नाही. मी विचारलं, काय अजून नाही? ती म्हणाली, विमल एक दिवस मला लिहिणार आहे की तो बॉल आउट होता. घाई नाही."

त्या कार्डावर मी काय लिहिलं होतं मालूम आहे? शुभेच्छा. छापील मजकूर, खाली सही.

मला तुझा इतका राग आला त्या क्षणी! बावीस वर्षं वाट बघत बसलीस? पाच पाकळ्यांचं फूल पाहिलंस, आमच्या पडवीत बसून सगळं समजलीस, आणि एक शब्द नाही? एकदा तरी टोचायचं होतं मला. मी भांडले असते, खोटं बोलले असते, आणि मग कबूल केलं असतं. मी तशीच आहे, तुला ठाऊक होतं. तू मला "गुड" म्हणून मोकळं सोडलंस, आणि सोडलेलं माणूस कुठे जाणार?

पण पुढे तिने लिहिलंय. तू तिला सांगून ठेवलंस, की मी गेल्यावर विमलला एवढं कळव. "मी फूल पाहिलं होतं. कोणीतरी ते माझ्यासाठी काढलं होतं, मी त्याच्यावरून भांडू शकले नाही. आणि तिला सांग, मी तिला सेट दिला नाही. बाकीचे सहा गेम फुलावर पडले नव्हते."

मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल. बाकीचे सहा गेम. मला ते कधी सुचलंच नाही गं. बावीस वर्षं मी त्या एका बॉलकडे बघत बसले, आणि ते सहा गेम तू जपून ठेवलेस.

बुधवारी मी पोरींना फ्रेमखाली बसवलं आणि सांगितलं. सगळं, फूल, धूळ, कर्नलसाहेब, माझी शपथ. एकीने हात वर केला. "मॅडम, मग ड्यूस झाला असता ना? ड्यूसनंतर कोण जिंकलं असतं?" मी म्हटलं, "मालूम नाही." एवढं साधं उत्तर होतं. ती म्हणाली, "मग आज आपण खेळायचं का?" आणि सगळ्या ग्राउंडवर पळाल्या. प्राचार्यबाईंकडे मी फ्रेम काढून घेऊन गेले. या प्राचार्यबाई नव्या आहेत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, राहू द्या, पण खाली एक ओळ लिहा. मी लिहिली. तीच, तो बॉल आउट होता.

काल सकाळी क्लबात गेले. आता तीन कोर्टं सिमेंटची झाली आहेत. एक तेवढं शेणाचं ठेवलंय, म्हाताऱ्या मेंबरांच्या गुडघ्यांसाठी. सखूमावशीची सून सारवते. मावशी कडेला बसून चुका काढते. तिला मी सांगितलं, ओदेत गेली.

"कोन? ते पाय उमटवनारी?"

"हो."

"अरे बावा!" ती म्हणाली. "तिनं माह्यासंग सारवलं होतं. हात चांगला होता तिचा."

तिने सुनेच्या हातून बादली ओढून घेतली. गुडघे दुखतात, बसवत नाही तिला, पण ती बसली. तो कोपरा तिने स्वतः सारवला, तोच, डावा. मी बेसलाइनपाशी उभी होते. चुन्याच्या लाइनीच्या बाहेर चार बोटं मोजली, आणि मोठ्याने, सगळ्या क्लबला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "आउट!" पलीकडच्या सिमेंटवरचे मेंबर खेळायचे थांबून बघायला लागले. मावशीनेही मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिचं सारवून होत आलं होतं.

मी रांगोळीची वाट बघत होते. डबी तिच्या शेजारीच होती, इतवारीतून आणलेली, भरलेली. मावशीने पदराला हात पुसले, डबी उचलली आणि सुनेकडे दिली.

"मावशी, फूल?"

"आज नाही वं," ती म्हणाली. "आपल्या घरचं माणूस गेलं."